राजदूत नेमका कोणाचा? जॅझ, लिटल रॉक आणि सॉफ्ट पॉवरविषयीचा गोड गैरसमज

१/२५
सप्टेंबर १९५७. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स या लहानशा शहरात लुई आर्मस्ट्राँग कार्यक्रमासाठी उतरले होते. जगभर नाव असलेले ट्रम्पेटवादक. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वतीने त्यांनी सोव्हिएत संघाचा दौरा करावा, अशी योजना आकाराला येत होती. एक तरुण वार्ताहर हॉटेलच्या खोलीत मुलाखतीसाठी आला. बोलणे संगीतावर व्हायचे, ते लिटल रॉकवर गेले. आणि त्या दौऱ्याचे भवितव्य त्या खोलीतच ठरले.

२/२५
लिटल रॉक हे आर्कान्सा राज्याच्या राजधानीचे शहर. तेथील सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना न्यायालयाच्या आदेशानुसार प्रवेश मिळाला होता. राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना रोखण्यासाठी शाळेच्या दारात सशस्त्र नॅशनल गार्ड उभे केले. शाळकरी मुलींवर थुंकणाऱ्या, ओरडणाऱ्या जमावाची छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली.

३/२५
आर्मस्ट्राँग राजकारणावर सहसा बोलत नसत. त्यासाठी त्यांच्याच समाजातील तरुण त्यांना टोमणे मारत. त्या दिवशी मात्र ते म्हणाले की, दक्षिणेत आपल्या लोकांना जी वागणूक मिळते आहे ती पाहता सरकारने खुशाल नरकात जावे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यात धमक नाही, असेही त्यांनी सुनावले. वार्ताहराने मजकूर दाखवला, तेव्हा त्यांनी एक शब्दही मागे न घेता त्याखाली सही केली. सोव्हिएत दौरा बारगळला.

४/२५
बळजबरी न करता दुसऱ्या देशांचे मन वळवण्याच्या क्षमतेला आज ‘सॉफ्ट पॉवर’ म्हणतात. या क्षमतेविषयी एक समज अलीकडे फार बोकाळला आहे: ती सरकारच्या कोठारातील वस्तू आहे, निधी वाढवला की वाढते, सोहळे केले की फुलते आणि देशावर टीका करणारे लोक ती नासवतात. इतिहास याच्या नेमका उलट साक्ष देतो. ती साक्ष या धाग्यात क्रमाने मांडली आहे.

५/२५
आधी संकल्पना. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये ‘सॉफ्ट पॉवर’ ही संज्ञा रूढ केली. सैन्याचा धाक आणि पैशाचे आमिष यांपलीकडे, आकर्षणाने काम करून घेण्याची शक्ती, हा तिचा आशय. नाय यांनी तिचे तीन स्रोत सांगितले: संस्कृती, राजकीय मूल्ये, परंतु ती देशात आणि देशाबाहेर प्रत्यक्ष पाळली जात असतील तर, आणि परराष्ट्र धोरण, परंतु इतरांना ते न्याय्य वाटत असेल तर. आजच्या उत्सवी चर्चेत पहिला स्रोत तेवढा शिल्लक राहिला आहे. उरलेल्या दोहोंतील ‘तर’ सोयीस्करपणे गळून पडला आहे.

६/२५
आता मूळ प्रसंगाची पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया आणि आफ्रिकेत एकामागून एक देश स्वतंत्र होत होते. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे २९ देश एकत्र जमले. या देशांची मने जिंकण्यासाठी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात चढाओढ होती. वॉशिंग्टन स्वातंत्र्याची भाषा बोलत होते आणि त्याच्याच दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळी शाळा, वेगळा नळ आणि बसमध्ये मागची जागा होती. सोव्हिएत प्रचारकांना खोटे रचण्याचे कष्टच नव्हते. अमेरिकी वृत्तपत्रांतील बातम्या वाचून दाखवल्या की पुरे होते.

७/२५
भारतात याची झळ थेट बसत होती. १९५१ ते १९५३ या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले चेस्टर बोल्स यांनी मायदेशी वारंवार बजावले की, आशियात अमेरिकेविषयी बोलू लागले की वर्णभेदाचा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. १९५५ मध्ये तर भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांनाच टेक्सासमधील ह्यूस्टन विमानतळाच्या उपाहारगृहात त्यांच्या वर्णामुळे वेगळे बसवण्याचा प्रकार घडला. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. एका टेबलावरून झालेला तो अपमान मदतीच्या गव्हाने पुसला जाणार नव्हता.

८/२५
उपाय म्हणून जॅझ पुढे आले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागाचे कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य अ‍ॅडम क्लेटन पॉवेल हे स्वतः बांडुंगला जाऊन आले होते. सिंफनी आणि बॅले युरोपही पाठवू शकतो. अमेरिकेचे स्वतःचे असे काही जगाला द्यायचे तर ते जॅझ, हा त्यांचा आग्रह होता. १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम पोलादी पडद्याआडचे तरुण चोरून ऐकू लागलेच होते. १९५६ मध्ये परराष्ट्र खात्याने डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदाला पहिल्या दौऱ्यावर धाडले: इराण, पाकिस्तान, लेबनॉन, सीरिया, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया, ग्रीस.

९/२५
निघण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी गिलेस्पींना बोलावणे धाडले. वर्णभेदाविषयी कोणी विचारले तर काय सांगायचे, हे त्यांना शिकवायचे होते. गिलेस्पी गेले नाहीत. आपले शिक्षण तीनशे वर्षे चाललेले आहे, आपल्या लोकांशी काय केले गेले ते आपल्याला ठाऊक आहे आणि त्यावर आपण कोणासाठी पांघरूण घालणार नाही, असे त्यांनी कळवले. परराष्ट्र खात्याने तरीही त्यांना पाठवले. या साऱ्या कार्यक्रमातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय कोणता, असे विचारले तर तो हाच.

१०/२५
दौरा गाजला. अमेरिकेच्या सायप्रसविषयक भूमिकेवर अथेन्समधील विद्यार्थी चिडलेले होते. अमेरिकी कार्यालयावर दगडफेक करणाऱ्या त्याच तरुणांनी गिलेस्पींना खांद्यावर घेतले, असे त्या दौऱ्याविषयी सांगितले जाते. या वाद्यवृंदात गोरे आणि काळे, स्त्री आणि पुरुष एकत्र वाजवत होते. मायदेशी मात्र लुइझियानाचे सिनेटर अ‍ॅलन एलेंडर यांच्यासारखे राजकारणी या संगीतावरील सरकारी खर्चाला नाके मुरडत होते. जगात देशाचे नाव ज्याच्यामुळे उजळत होते, त्यालाच देशाच्या नावाला कमीपणा आणणारा ठरवण्याची ही रीत जुनी आहे.

११/२५
गिलेस्पी यशस्वी का झाले? संगीत श्रेष्ठ होते, हे उत्तराचे अर्धे अंग. सोव्हिएत बॅलेही श्रेष्ठच होते. परंतु बॅलेच्या कलावंताला श्रोत्यांतील कोणी विचारले असते की, तुमच्या देशात तुरुंगात कोण आहे, तर त्याला पढवलेले उत्तर द्यावे लागले असते. गिलेस्पी खरे उत्तर देत. जो माणूस आपल्या सरकारविरुद्ध मोकळेपणाने बोलू शकतो, त्याने त्या देशाविषयी काढलेला चांगला शब्दच खरा वाटतो. प्रभाव विश्वासावर चालतो आणि विश्वास आज्ञाधारक माणसावर बसत नाही.

१२/२५
पुन्हा सप्टेंबर १९५७ कडे. आर्मस्ट्राँग यांच्या बोलण्याने गदारोळ झाला. त्यांच्यावर बहिष्काराच्या हाका आल्या. पण त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री डलेस महान्यायवादी ब्राउनेल यांना सांगत होते की, लिटल रॉकमुळे आपले परराष्ट्र धोरण उद्ध्वस्त होते आहे. आशिया-आफ्रिकेत त्याचे परिणाम सोव्हिएतांना हंगेरीने भोवलेल्या परिणामांपेक्षाही वाईट ठरू शकतात. २४ सप्टेंबरला आयझेनहॉवर यांनी १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन लिटल रॉकला रवाना केली. त्या रात्रीच्या भाषणात कायद्याच्या राज्याबरोबरच जगातील अमेरिकेच्या नावाची आणि शत्रूला होणाऱ्या आनंदाची चिंता त्यांनी स्पष्ट बोलून दाखवली.

१३/२५
एका वादकाच्या मुलाखतीने सैन्य हलले, असे म्हणणे बाळबोध ठरेल. न्यायालयाचा आदेश होता, कृष्णवर्णीय संघटनांचा दीर्घ लढा होता, त्या नऊ मुलांचे धैर्य होते. परंतु जगाच्या मताचे वजन हीदेखील कल्पना नव्हे, कागदोपत्री नोंदलेली गोष्ट आहे. शाळांतील वर्णविभाजनाच्या ‘ब्राउन’ खटल्यात अमेरिकी न्याय खात्याने डिसेंबर १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जे निवेदन केले, त्यात परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांचे मत जोडलेले होते: वर्णभेदामुळे अमेरिकेची परराष्ट्रांतील प्रतिष्ठा ढासळते आहे. १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने वर्णविभाजित शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने ती बातमी तातडीने अनेक भाषांतून जगभर पोहोचवली.

१४/२५
येथे प्रभावाची दिशा तपासावी. अमेरिका जगाचे मन वळवायला निघाली होती. प्रत्यक्षात जगाच्या डोळ्यांनी अमेरिकेला स्वतःच्या शाळेचे दार उघडायला लावले. बांडुंगला जमलेल्या देशांनी ना सैन्य पाठवले, ना निर्बंध लादले. त्यांनी फक्त प्रश्न विचारला. बळजबरीविना पडणाऱ्या प्रभावाचा हा खरा पराक्रम आहे. ज्याला दुसऱ्यावर छाप पाडायची असते, त्याला आधी दुसऱ्याच्या नजरेला नजर द्यावी लागते. हा रस्ता दुतर्फा वाहतुकीचा आहे आणि बदलाचा पहिला फेरा बहुधा घरच्या दिशेने येतो.

१५/२५
ही नजर चुकवून केवळ टाळ्या मिळवायला गेले की काय होते, ते काँगोत दिसले. ऑक्टोबर १९६० मध्ये आर्मस्ट्राँग परराष्ट्र खात्याच्या आफ्रिका दौऱ्यात लिओपोल्डव्हिल येथे पोहोचले. आजचे किन्शासा ते हेच. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्याच शहरात, त्याच दिवसांत, देशाचे पहिले निर्वाचित पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा पदच्युत होऊन नजरकैदेत होते. त्याच वर्षी सीआयएने लुमुम्बांना विष देऊन मारण्याचा कट रचला होता, हे १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने उघडकीस आणले.

१६/२५
तो विषप्रयोग प्रत्यक्षात आला नाही. १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगा प्रांतात, बेल्जियन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, लुमुम्बांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात मॉस्कोने विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांसाठी नुकत्याच काढलेल्या विद्यापीठाला लुमुम्बा यांचे नाव दिले. आर्मस्ट्राँग यांच्या सुरावटींनी जे कमावले होते, ते कटाच्या कागदांनी गमावले. ट्रम्पेट खोटा नव्हता. त्याचा आडोसा करणारे हात खोटे होते. मन वळवण्याच्या साधनाला दडपणुकीचा पडदा बनवले की ते साधनही जाते.

१७/२५
दुसरे उदाहरण मुंबईच्या अधिक जवळचे. जून १९५० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही लेखक-विचारवंतांची संघटना स्थापन झाली. मार्च १९५१ मध्ये तिची भारतीय परिषद मुंबईत भरली; मिनू मसानी तिच्या प्रमुख चालकांपैकी होते. याच प्रवाहातून १९५५ मध्ये मुंबईत ‘क्वेस्ट’ हे नियतकालिक सुरू झाले आणि त्याचे पहिले संपादक होते कवी निसीम इझिकेल. लेखन कसदार होते, मतभेदांना जागा होती.

१८/२५
मग १९६६ आणि १९६७ मध्ये उघड झाले की, या आंतरराष्ट्रीय संघटनेला सीआयएचा छुपा पैसा मिळत होता. लंडनच्या ‘एन्काउंटर’ मासिकाचे संपादकपद कवी स्टीफन स्पेंडर यांनी सोडले. ज्या लेखकांना या पैशाचा पत्ताही नव्हता, त्यांच्या प्रामाणिक लेखांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. लेखातील एक अक्षर बदलले नव्हते; बदलला होता तो वाचकाचा विश्वास. स्वातंत्र्याचा पुरस्कार गुप्त देणगीतून करणाऱ्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचेच सर्वाधिक नुकसान केले.

१९/२५
पलीकडच्या गोटातही वेगळे घडले नाही. मॉस्कोत छापलेली स्वस्त, देखणी मराठी भाषांतरे महाराष्ट्रातील कितीतरी घरांत पोहोचली आणि एका पिढीचे बालपण त्यांनी समृद्ध केले. पण त्या पुस्तकांतून वाचकांनी टॉल्स्टॉय, चेखव्ह, गॉर्की यांवर प्रेम केले. १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये आणि १९६८ मध्ये प्रागमध्ये शिरलेल्या रणगाड्यांवर नव्हे. टॉल्स्टॉय आणि चेखव्ह तर क्रांतीपूर्वीचे. आणि खुद्द सोव्हिएत जनतेच्या गळ्यातला ताईत कोण झाला? ना कोणा मंत्रालयाची मोहीम, ना कोणते शिष्टमंडळ. मुंबईत तयार झालेला, १९५४ मध्ये तिथे प्रदर्शित झालेला राज कपूर यांचा ‘आवारा’: बेघरपणा, गुन्हेगारी आणि न्यायव्यवस्थेचे ढोंग दाखवणारा चित्रपट. देशाची ‘सकारात्मक प्रतिमा’ तपासणाऱ्या आजच्या एखाद्या समितीने तो परदेशी पाठवला असता का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

२०/२५
आता महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनावर अमेरिकेचा सर्वांत खोल ठसा कोणी उमटवला, ते पाहू. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन ड्यूई यांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर झाला. जुलै १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे कळले. भारतातील अस्पृश्यही तसाच विचार करीत आहेत, तरी त्या अर्जाच्या प्रती मिळाव्यात, असा त्याचा आशय. ड्यू बॉईस यांनी सहानुभूतीने उत्तर दिले.

२१/२५
१९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली. तिचे नाव कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९६६ मध्ये निघालेल्या ‘ब्लॅक पँथर’वरून आले. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीला कृष्णवर्णीयांच्या लढ्यात आपला आरसा दिसला. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे आणि पुढे जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीय साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. यापैकी काहीही वॉशिंग्टनच्या प्रचारखात्याने योजले नव्हते. उलट ब्लॅक पँथरवर अमेरिकेची एफबीआय पाळत ठेवून होती, तिला मोडून काढण्यासाठी झटत होती. अमेरिकेने ज्यांना देशाचे शत्रू मानले, त्यांनीच वरळी-नायगावच्या चाळींत अमेरिकेला आदराचे स्थान मिळवून दिले.

२२/२५
यावर व्यवहारवादी आक्षेप घेतील: कविता आणि सुरांनी रणगाडे थांबत नाहीत; शेवटी सत्ता बंदुकीचीच. आक्षेप अर्धा खरा आहे. प्रागमध्ये रणगाडे थांबले नाहीत, लुमुम्बा वाचले नाहीत. परंतु प्रागचे रणगाडे जिंकूनही सोव्हिएत संघाने जगभरचे स्वतःचे सहानुभूतिदार गमावले. पश्चिम युरोपातील कम्युनिस्ट पक्षांपर्यंत त्याचे तडे गेले. बंदूक आज्ञा पाळायला लावते. आज्ञा देणाऱ्यावर विश्वास ठेवायला ती लावू शकत नाही, आणि विश्वास गेला की प्रत्येक आज्ञेसाठी नवी बंदूक लागते.

२३/२५
भारताला हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ८ डिसेंबर १९४६ रोजी, स्वातंत्र्यही मिळालेले नसताना, भारताने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव संमत करून घेतला. विजयालक्ष्मी पंडित यांनी शिष्टमंडळाचे नेतृत्व केले होते आणि समोर होते फील्ड मार्शल स्मट्स. व्यापार तोडण्याचे पाऊल भारताने उचलले होते, पण आमसभा जिंकली ती त्यामुळे नव्हे, तर नैतिक दाव्याच्या बळावर. त्याच वादात प्रतिपक्षाने भारतातील जातिव्यवस्थेकडे बोट दाखवले होते. टोला वर्मी होता. त्याचे खरे उत्तर आमसभेत मिळणार नव्हते. ते २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने दिले. अस्पृश्यता नष्ट केल्याचे ते कलम हा भारताच्या परराष्ट्र धोरणाचाही एक मोठा दस्तऐवज आहे.

२४/२५
त्याच भारताने २००१ मध्ये काय केले? दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित संघटनांनी जातिभेदाचा प्रश्न तेथे मांडावा म्हणून मोहीम चालवली. जात म्हणजे वंश नव्हे आणि हा देशांतर्गत प्रश्न आहे, असे सांगून सरकारने तो उल्लेख होऊ न देण्यासाठी शक्ती पणाला लावली. अंतिम जाहीरनाम्यात जातीचा शब्द आला नाही. विजय? पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जातीचा स्पष्ट समावेश केला. जात आणि वंश यांच्या व्याख्येवर विद्वानांनी वाद जरूर घालावा. पण ‘आमचा अंतर्गत प्रश्न’ हा युक्तिवाद एके काळी प्रिटोरियाचा होता आणि तो मोडून काढणाऱ्यांत भारत अग्रभागी होता, याचे विस्मरण महाग पडते. सतरावे कलम आणि ते अमलात आणण्यासाठी झगडणारी माणसे अभिमानाने पुढे करण्याची संधी होती. पुढे केली गेली ती तांत्रिक हरकत.

२५/२५
लुई आर्मस्ट्राँग सोव्हिएत संघात कधीच गेले नाहीत. १९६२ मध्ये तेथे गेला तो बेनी गुडमन यांचा वाद्यवृंद. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील माँटेरे महोत्सवात डेव्ह आणि आयोला ब्रुबेक यांची ‘द रिअल अँबॅसडर्स’ ही संगीतिका सादर झाली. परदेशी देशाची शान ठरलेल्या आणि घरी हक्कांना पारख्या झालेल्या कलावंताची ती कथा, आणि मुख्य भूमिकेत स्वतः आर्मस्ट्राँग. प्रभाव हवा असलेल्या कोणत्याही देशाला, भारतालाही, एकच कसोटी लावावी. त्याची योगासने, त्याचे चित्रपट, त्याचे भोजन जगाला किती आवडते, हे मोजणे सोपे आहे. आपल्याच सरकारला खडे बोल सुनावणाऱ्या आपल्या माणसाला तो देश पारपत्र देऊन, काही न पढवता, जगासमोर उभा करतो का? गिलेस्पींना पाठवताना वॉशिंग्टनने ते धाडस केले. काँगोत ते धाडस संपले होते.

(धागा समाप्त)